उलट्या पिळाची दोरी

लेक – थांबा, तो चिमटा खोक्यात टाकू नका अजून.

बाबा – का? चार वाजता सुतार येईल बाक न्यायला. बाकच गेल्यावर चिमटा काय गळ्यात बांधून फिरू?

लेक – चाळीस वर्षं त्या चिमट्यात पिसं धरून बाण केलेत तुम्ही. मला अर्धा तास द्या.

बाबा – अर्ध्या तासात माझे हात परत येणार आहेत का? मैदानावरून किती बाण परत आले ते तुला ठाऊक आहे. तूच आणून दिलेस. जवळून बरे जातात, पन्नास पावलांवर गेले की मूठभर दाणे उधळल्यासारखे.

लेक – हात गेले असं कोण म्हणतं?

बाबा – मी म्हणतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. आता लोकांनी मला ऐकवायच्या आत दुकान आवरलेलं बरं.

लेक – ऐका तरी. काल मी माझं जुनं धनुष्य काढलं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींनी परत केलेले तुमचे बाण, तेच, त्याच्यावरून सोडले. बारा बाण. बाराच्या बारा एका ताटलीत मावतील इतके जवळ.

बाबा – तू शिकवणारी. तुझा हात बसलेला आहे.

लेक – म्हणून मग एका मुलीचं धनुष्य घेतलं आणि तेच बाण मीच सोडले. पसरले. हात तोच, बाण तेच.

बाबा – हं.

लेक – नुसतं हं करू नका. मी दोन्ही धनुष्यं आणलीत. मुलीचंही आणि माझंही.

बाबा – धनुष्यं दोन्ही माझीच. लाकूड एकाच ओंडक्यातलं.

लेक – म्हणून तर विचारायला आले. तुमच्याकडे बाणाची बिनपिसांची कांडी आहे का एखादी?

बाबा – आहेत पाच-सहा. आता काय, दात कोरायला ठेवल्यात.

लेक – एक द्या. आणि ती शाई. कांडीवर लांब रेघ मारते, मागच्या खाचेपासून टोकापर्यंत. रेघ वर ठेवून दोन पावलांवरून गवताच्या पेंढीत सोडायची. पिसं नसली की बाण दोरीवरून सुटताना कुठल्या अंगाला फिरतो ते कळतं.

बाबा – मला शिकवतेस? तू रांगत होतीस तेव्हा केलंय मी हे. उजवीकडे फिरतो. म्हणून तर उजव्या पंखाची पिसं लावतो.

लेक – मग परत करून बघायला काय हरकत आहे?

(मागच्या अंगणात. पेंढीसमोर दोघं. आधी मुलीच्या धनुष्यावरून एक कांडी सुटते.)

बाबा – बघ रेघ. माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही मला.

लेक – घड्याळाच्या बारावर होती, दहावर आली. डावीकडे फिरली.

बाबा – परत सोड.

लेक – दहावरच. तिसऱ्यांदाही दहावर येईल, पण सोडते. ही घ्या. दहा.

बाबा – म्हणजे बाण दोरीवरून डावीकडे फिरत निघतो आणि माझी पिसं त्याला उजवीकडे ओढतात.

लेक – अर्ध्या वाटेत मत बदलतो बिचारा. तोवर वाऱ्याचं ऐकतो.

बाबा – आता तुझ्या धनुष्यावरून सोड.

लेक – सोडते. हं. बघा. दोनवर. उजवीकडे.

बाबा – कांडी तीच ना?

लेक – तीच.

बाबा – मग लाकडाचा संबंध नाही. आण इकडे ते धनुष्य. दोरी बघू दे उजेडात. पोरी, हा पीळ उलटा आहे.

लेक – उलटा म्हणजे?

बाबा – मी वळतो ती दोरी अशी वळते, या अंगानं. ही त्या अंगानं वळली आहे. आपल्या दुकानातली नाही ही. कुठून घेतलीस?

लेक – कुठून घेणार? आईनं वळलेली आहे. मी लग्न होऊन गेले त्या वर्षी तिनं दिली. जपून वापरली, म्हणून टिकली.

बाबा – शक्य नाही. तुझी आई डावरी, हे खरं. पण तिला मी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, की डाव्या हाताच्या पिळाची दोरी माझ्या दुकानात चालणार नाही. सरळ हातानं वळ. तिनं हो म्हटलं होतं.

लेक – हो म्हटलं होतं.

बाबा – म्हणजे?

लेक – बाबा, दोरी वळायला आई कुठे बसायची आठवतंय?

बाबा – स्वयंपाकघराच्या दाराआड. खुंटीला टोक अडकवायची, दुसरं पायाच्या अंगठ्यात. मेणाचा गोळा मांडीवर. म्हणायची, दुकानात धूळ आहे, मेणाला चिकटते.

लेक – धूळ वगैरे काही नव्हती. तुम्ही पाणी प्यायला आत आलात की ती हात बदलायची. चार वेढे उजव्या हातानं. तुम्ही वळलात की पुन्हा डावा.

बाबा – तू पाहिलंस?

लेक – रोज. शाळेतून आले की तिच्या शेजारीच बसायचे. मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे मी सुधारले.

बाबा – तीस वर्षं?

लेक – एकतीस.

बाबा – आणि तू मला आज सांगतेस.

लेक – मला वाटायचं, हातानं काय फरक पडतो. दोरी ती दोरी. तुम्हाला उगाच राग येईल. पिळाचा आणि पिसांचा संबंध असेल हे मला आत्ता, तुमच्यासमोर कळतंय. तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या बोटांना दोष देत बसलात आणि अर्धं उत्तर माझ्याकडे पडून होतं. चुकलं माझं.

बाबा – तुझं कसलं चुकलं. थांब, मला नीट लावू दे हे. ती गेली, त्यानंतर दोऱ्या मी वळायला लागलो.

लेक – हो. आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दोऱ्या आईच्याच होत्या. जसजशा झिजल्या तसतशी एकेकानं तुमची दोरी चढवली.

बाबा – आणि एकेक तक्रार आली. मी म्हणायचो, महिन्यामहिन्यानं हात जातोय. रात्री बोटं चोळायचो तेल लावून.

लेक – मी बघायचे. मला सहन व्हायचं नाही.

बाबा – अजून एक गंमत सांगू? माझे वडील डावी पिसं लावायचे. दोरी ते स्वतः वळायचे, उजव्या हातानं. माझं लग्न झालं, तुझी आई दोऱ्या वळायला बसली, आणि वर्षभरात माझ्या लक्षात आलं की उजवी पिसं जास्त सरळ जातात. मी वडिलांना तोंडावर म्हणालो, तुम्हाला आयुष्यभर कळलं नाही. दोन महिने अबोला होता आमच्यात. त्या पठ्ठ्यानं तोवर माझ्या हातचा बाण कमानीला लावला नाही.

लेक – म्हणजे आजोबाही बरोबर होते.

बाबा – सगळेच बरोबर होते. शहाणा फक्त मी होतो. स्पर्धेच्या दिवशी माणसं भाते घेऊन या अंगणात रांग लावायची, आणि मी ओट्यावर उभा राहून सांगायचो, उजवं पीस, हा माझा शोध. ती आतून ऐकत असणार.

लेक – ऐकायची. हसायची. मग दोरी छेडून बघायची, कानाला लावून.

बाबा – ते मात्र आठवतंय. टण्ण. एकदाच. बेसूर वाटली तर पीळ उकलायची पूर्ण. मी म्हणायचो, अगं बाण मारायचाय, गाणं म्हणायचं नाही.

सुतार – बाणवाले, आहात का? गाडी आणली आहे. बाक कुठाय?

लेक – या काका. आम्ही मागे आहोत.

सुतार – ही पेंढी, ही शाई. दुकान बंद करताना शाळा उघडलीत का?

बाबा – सुताराचं लवकर येणं आणि पाहुण्याचं उशिरा जाणं, दोन्ही सारखंच. बस जरा. तुला एक विचारायचं आहे. पक्ष्याच्या डाव्या पंखाची पिसं मी तुला द्यायचो ना?

सुतार – इतकी वर्षं. तुला फक्त उजवी लागायची. म्हणायचास, एका बाणाला दोन्ही पंखांची लावली की दोन मतांचा संसार होतो, डावी फुकट घेऊन जा.

बाबा – ती आहेत का अजून?

सुतार – आहेत की. सरस लावायला पिसासारखं दुसरं काही नाही. खुर्च्यांच्या सांध्यात मजेत जातं. का?

बाबा – मला परत हवीत.

सुतार – सरस लागलेली?

बाबा – कोरी असतील तेवढी.

लेक – काका, बाबांचे हात गेले नव्हते. दोरीचा पीळ बदलला होता. आईची दोरी बाणाला उजवीकडे फिरवायची, बाबांची डावीकडे फिरवते. पिसं बदलली की काम झालं.

सुतार – वहिनींचा पीळ उलटा होता?

बाबा – तुलाही माहीत होतं असं म्हणू नकोस.

सुतार – नाही रे. पण बाणवाल्याच्या घरात पीळ कुणाचा चालतो ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

लेक – काका.

सुतार – वाईट काय बोललो? चांगलंच बोललो. बरं, बाकाचं काय? दोन माणसं बाहेर ताटकळताहेत.

बाबा – बाक राहील. त्यांना सांग, बाणवाला वेडा झालाय.

सुतार – ते सांगायला नको, त्यांना पटेलच.

बाबा – आणि जाताना हा चिमटा घेऊन जा. नमुना म्हणून. याच मापाचा दुसरा कर, पण पीस बसवायची खाच याच्या उलट्या अंगाला. आरशात बघून केल्यासारखा.

सुतार – सागवानाचा?

बाबा – जे सुकलेलं असेल त्याचा. आणि घाई करू नकोस, तुझ्या घाईच्या खुर्च्या मला ठाऊक आहेत.

सुतार – तूच बसतोस त्यांच्यावर. येतो. पिसं संध्याकाळी धाडतो.

लेक – बाबा, मैदानावर काय सांगू? मुलींच्या आया विचारतील. तुमचे बाण परत करून त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

बाबा – सांग, बाण घेऊन या. पिसं उतरवून नवी लावून देतो.

लेक – आणि विचारलं, काय बिघडलं होतं?

बाबा – सांग, माझी एक माहिती चुकीची होती.

लेक – एवढंच?

बाबा – एवढंच कसं. सांग की इतकी वर्षं बाण सरळ जात होते त्यात अर्धा हात दुसऱ्याचा होता. कुणाचा ते तू सांगशीलच. तुला सांगायची घाई झाली आहे, दिसतंय.

लेक – झाली आहे. डोळे पुसा आधी, काका परत आले तर वर्षभर चिडवतील.

बाबा – मेणाचा वास आहे या दोरीला अजून. त्यानं येतं पाणी.

लेक – बरं. मेणानंच येतं. ही उतरवू का आता धनुष्यावरून?

बाबा – राहू दे.

लेक – चढवलेलं धनुष्य तसंच ठेवलं की लाकडाची ताकद मरते. लहानपणी यावरून किती ओरडायचात माझ्यावर.

बाबा – ओरडायचो. तिच्यावरही ओरडायचो. ऐकलं का तिनं?