दगडावरचं झाड

दुकानवाली: ...आधी डबा तर उघडा, काका. वासावरूनच कळतंय मला, पण बघू दे.

माळी: थोडं पाणी सांडलं वाटेत. बसमध्ये शेजारी कोणी बसेना.

दुकानवाली: बसेल कसं! हे काकूंच्या काचेच्या टाकीतलं, पाण्यात वाढणारं अनुबियास ना?

माळी: नाव मला ठाऊक नाही. तिच्या टाकीत झाड म्हणजे हे एकच. तुम्हीच दिलं होतंत म्हणे.

दुकानवाली: मीच. पहिल्यांदा टाकी लावणाऱ्याला मी हेच देते. उजेड कमी असला तरी राहतं, खत मागत नाही, कशाला म्हणून रुसत नाही. काकू गेल्या ते कळलं मला. यायचं राहून गेलं.

माळी: येऊन काय करणार होतात? सगळे आले, चहा पिऊन गेले. तुम्ही झाडाचं बघा. आम्हाला मूलबाळ नाही. तिनं वाढवलेलं, जिवंत असं घरात एवढंच आहे.

दुकानवाली: पानं देठापासून सुटलीत सगळी. हे झालं कशानं?

माळी: तिनं ते एका दगडाला बांधून ठेवलं होतं, काळ्या दोऱ्यानं. मुळं सगळी उघडी. मला ते बघवायचं नाही.

दुकानवाली: बांधायचंच असतं. मीच शिकवलं त्यांना.

माळी: मला वाटलं, हातात जोर नाही, वाळूपर्यंत वाकवत नाही, म्हणून दिलंय नुसतं बांधून.

दुकानवाली: मग तुम्ही काय केलंत?

माळी: लावलं.

दुकानवाली: लावलं म्हणजे?

माळी: ती गेल्यावर दोरा कापला. वाळूत चार बोटं खड्डा केला, बुडखा आत घातला आणि वरून घट्ट दाबून घेतलं. बत्तीस वर्षं सरकारी बागेत माळी होतो, ताई. मी लावलेलं झाड सहसा जात नाही.

दुकानवाली: खोडासकट पुरलंत?

माळी: झाड लावतात तसं लावलं.

दुकानवाली: अहो काका, याचं खोड आडवं वाढतं. ते उघड्यावरच लागतं. वाळूखाली गेलं की कुजलंच. काकू कधी बोलल्या नाहीत?

माळी: ती टाकीला हात लावू देईल तर ना! ‘बाहेरची बाग तुमची, ही माझी. इथं तुमची माळीगिरी नको.’ शेवटी शेवटी एकदा म्हणाली मात्र, ‘झाडाला काही करू नका.’

दुकानवाली: आणि तरी?

माळी: ती सगळ्यालाच तसं म्हणायची. पाय चेपू का, तर काही करू नका. पातळ भात करू का, काही करू नका. डॉक्टरचंही तेच, आता करण्यासारखं काही नाही. मला वाटलं, हेही त्यातलंच. मला त्रास नको म्हणून बोलतेय.

दुकानवाली: पानांवर हे शेवाळ कुठून आलं? टाकी तर आतल्या खोलीत होती.

माळी: तिच्या पलंगापाशी. तिथं अंधार असतो. म्हणून खिडकीत नेली, झाडाला ऊन लागावं म्हणून.

दुकानवाली: ऊन दिलंत. खत नाही ना घातलंत?

माळी: चिमूटभर घातलं.

दुकानवाली: अहो, काही बाकी ठेवलंत का?

माळी: नाही. जे येत होतं ते सगळं केलं.

दुकानवाली: बरं, जाऊ द्या. ते ब्लेड द्या इकडे. मऊ झालेलं कापत जायचं, कडक लागेपर्यंत.

(ती खोडाच्या चकत्या करू लागते.)

माळी: हा तुकडा?

दुकानवाली: दाबला की पाणी येतंय. गेला. हाही गेला.

माळी: जरा पुढं कापा. पुढं डोळा होता एक.

दुकानवाली: डोळाही काळा पडलाय.

माळी: द्या, मी कापतो. नको... नको, तुम्हीच कापा.

दुकानवाली: थांबा. इथं कडक लागतंय. नखाएवढंच आहे.

माळी: आतून हिरवं आहे?

दुकानवाली: हिरवट. खोटी आशा लावत नाही, काका. एवढ्याशातून फुटलेलं मी एकदाच पाहिलंय.

माळी: आता म्हणाल, नवीन घेऊन जा.

दुकानवाली: म्हणणार होते. तुमचं तोंड बघून गप्प बसले.

माळी: बरं केलंत. याला काय करायचं ते सांगा.

दुकानवाली: दगडाला बांधून देते. सावलीत ठेवायचं. ऊन नाही, खत नाही, उचलून बघायचं नाही. जगलं तर दोन-अडीच महिन्यांनी कोंब दिसेल.

माळी: आणि तोवर?

दुकानवाली: तोवर काही नाही. नुसतं बघत राहायचं.

माळी: ते मी आठ महिने केलं, ताई. तिच्या पलंगापाशी बसून.

दुकानवाली: काका, पाणी देऊ का प्यायला?

माळी: नको. तुमच्या त्या मागच्या टाकीत जागा आहे का?

दुकानवाली: जागा आहे की. पण हे तुमचं आहे. घरी नाही नेणार?

माळी: इथंच राहू द्या. घरी नेलं तर मी हात लावीन.