डोंगरावरून की नदीवरून

ग्लायडरच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरलेली तरुण वैमानिक चहाच्या रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारा स्पर्धक आणि त्याची बायको हुज्जत घालत होती.

“आज कधी निघणार?”

“सगळे निघाल्यावर. वर चढवणारी गरम हवा त्यांना कुठे सापडते, ते बघून.”

“काल तेच बघत बसलात. ऊन कललं, हवा बसली आणि उतरलात बटाट्याच्या शेतात!”

“शेतकरी भला माणूस होता गं.”

“त्याचा बैल भला नव्हता. ट्रेलर घेऊन न्यायला मी आले होते.”

“बरं, आधी निघतो. नदीवरून जातो. काठाला उतरायला सपाट रान आहे.”

“म्हणजे कुठे पडायचं ते ठरलंय! डोंगरावरून जा, वाट जवळची आहे.”

“आणि तिथे हवा नाही मिळाली तर?”

“पलीकडे मोकळा माळ आहे. सकाळीच बघून आले. ट्रेलर तिथेच लावते.”

“आणि न उतरता थेट पोचलो तर?”

“तर रिकामा ट्रेलर घेऊन गाणी म्हणत परत येईन.”

म्हातारा तडक ग्लायडरकडे निघाला.

“अहो, चहा!”

“तू घे. मला उशीर होतोय.”

बायको दोन कप घेऊन मागे वळली.

“घे गं पोरी, हा तुला. आणि ह्यांच्या मागोमाग जाऊ नकोस हं. आज ह्यांना कुठे थांबायचं नाहीये, मागे लागलीस तर तूच बटाट्याच्या शेतात उतरशील.”