कोठारातला निळा उजेड

हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण असणार या घरात?… सावाको, हळू बोल. रडतेयस का?… मग नाक कशाला ओढतेस?

…काय पाहिलं विहीणबाईंनी?… मोबाइलवर?… ‘खुनाचं कोठार’? असं नाव दिलंय?… आपलं फाटकसुद्धा दाखवलंय?… मागच्या महिन्यात दोन पोरं आली होती कॅमेरा घेऊन. मी त्यांना चहा दिला… अगं, मला वाटलं लोणच्यासाठी आलीत.

…‘असल्या घरातली मुलगी’… हं. आणि तू काय म्हणालीस?… काहीच नाही. शाबास.

…पासष्ट साल? कोण म्हणतं? शोवा एकोणपन्नास. म्हणजे तुमचं ते चौऱ्याहत्तर. खोटं बोलायचं तर निदान साल तरी खरं सांगावं मेल्यांनी.

…हो, हो… अगं ऐक ना… ऐक. दोन्ही घरांची बैठक हॉटेलात ठेवून काय साधणार? आणि ‘ते घर आमचं नव्हेच’ असं मी सांगू? फाटकावर आडनाव कोरलंय, सावाको. माझ्या नातीचं, मिनोरीचं लग्न खोट्यावर उभं करणार तू?

…कुणाचा खून? ज्याचा खून झाला म्हणतात तो तुझा बाप. खुनानंतर जवळजवळ पन्नास वर्षं जगला. तुला सायकल शिकवली, माझ्या कानाशी घोरला. एवढं सांगता येत नाही विहिणीला?

…‘तरी फळ्या चमकल्या होत्या.’ झालं. आता तूही तेच. अगं, मुळ्यानं चमकल्या त्या… मुळ्यानं, हो. कितीदा सांगू? लोणच्यासाठी धुरावर टांगायचे मुळे आपण तिथंच धुतो, फुटके तिथंच चिरतो. सगळा रस लाकडात मुरलेला. पोलिसांचं ते औषध अंधारात रक्तावर फवारलं की निळं उजळतं, आणि मुळ्याच्या रसावरही तसंच उजळतं… का ते होरिए साहेबांना ठाऊक. प्रयोगशाळेतले गं, जिल्ह्याहून आलेले. मी त्यांचंच सांगतेय.

…नाही, फवारलं ओनुमानं. ठाण्याचा फौजदार, तुझे बाबा गायब झाले म्हणून तपासाला आलेला. दिवे घालवले, फवारलं, आणि दारात अर्धं गाव उभं. जमीन अशी निळी निळी झाली म्हणून सांगू. ओनुमानं तिथंच तुझ्या आजोबांच्या दंडाला धरलं.

…अगं, पुढे ऐकशील तर. मग होरिए साहेब आले. त्यांनी फळीचा खरवडा नेला, मिठाच्या पाण्यात भिजवला, आणि ते पाणी माणसाचं रक्त ओळखणाऱ्या औषधावर सोडलं. माणसाचं असलं तर मध्ये पांढरी कडी धरते. धरली नाही. मग आपल्याकडूनच एक मुळा मागून नेला, किसला, दिवा घालवून फवारलं. तोच उजेड… हो, आजोबांना सोडलं. पण तो किसलेला मुळा बघायला दारात गाव नव्हतं ना.

…‘बाबा होते कुठे’ म्हणजे? ठाऊक नाही का तुला? साकाताला, आजारी मामाकडे…

 

…सावाको, तुझ्या बाबांना मामाच नव्हता.

…बसलीयस का? बस आधी. एका नाटकवालीबरोबर गेले होते ते… चिदोरी म्हणायचे तिला. कापणी झाली की फिरती मंडळी यायची… हो, आमचं ठरलेलं होतं. घरजावई म्हणून येऊन कामालाही लागले होते. मंडळी हलली त्या पहाटे आजोबांनी त्यांना पाहिलं, तिचे पेटारे गाडीवर चढवताना. घरी येऊन मला म्हणाले, ‘तोंड उघडायचं नाही. माझ्या पोरीला टाकून कोणी नाटकवालीमागे गेला, असं या गावात कुणी म्हणता कामा नये.’ पोलिसांनाही तेवढंच सांगितलं. ‘गेला. कुठं ते ठाऊक नाही.’ एवढं दडवल्यावर संशय येणार नाही तर काय होणार?

…त्यांचा हट्ट. तुझ्यात आलाय तोच.

…होरिए साहेबांनी ओळखलं. माझ्या उशीची खोळही नेली होती तपासायला, तिच्यावर डाग होते म्हणून. डागाचा चौकोन कापून घेतला आणि उरलेली खोळ परत द्यायला स्वतः आले. म्हणाले, ‘ताई, हे रक्त नाही, लाळही नाही. रडून पडलेले डाग दिसतात. मेलेल्या माणसासाठी चारचौघांत रडतात. तुम्ही मात्र फक्त उशीत रडलात. तो जिवंत आहे ना?’

…हो. त्यांना एकट्यांना सांगितलं.

…सापडले ना. यामागाताकडच्या एका खेड्यात. ओनुमा पोचला तेव्हा रंगमंचावर मरून पडले होते… नाटकात गं. तलवारीनं कापला जाणारा, एवढंच काम होतं त्यांना. अंगभर लाल रंग. ओनुमा म्हणे खेळ संपेपर्यंत पहिल्या रांगेत मांडी घालून बसला… हस, हस. मलाही अलीकडेच हसू यायला लागलंय.

…शिव्या? छे. आजोबा स्वतः गेले आणायला. ओनुमापुढे मात्र वाकले, कुठं सापडला ते गावात सांगू नका म्हणून. मग तो मामा आजारी पडला. गावाला मामा पटला नाही. तुझे बाबा डोळ्यांदेखत उभे राहून मुळे चिरायचे, तरी लोक म्हणायचे, मग चमकलं ते कुणाचं? दुसऱ्या कुणाचं असेल. गावात त्यानंतर आपला एक मुळा खपला नाही. सगळा माल रेल्वेनं सेंदाईला.

…ओनुमाची बदली झाली, कुठं ते विचारलं नाही. होरिए साहेब मात्र शेवटपर्यंत दर हिवाळ्यात लोणचं मागवायचे. दात पडल्यावर बारीक चिरून पाठवा म्हणाले. चिदोरीनं ओदातेत केस कापायचं दुकान काढलं, असं ऐकलं. तुझ्या बाबांनी विषय काढला नाही, मीही नाही. संसार चांगला केला हो त्यांनी. आणि आजोबा… शोवा त्रेसष्टला गेले, तेव्हा आपल्या गल्लीतलीही दारं बंद होती. तू शाळकरी होतीस, तुला वाटलं थंडीमुळे.

…आता का म्हणजे? तुझे बाबा होते तोवर त्यांची लाज होती. आता फक्त माझी उरलीय, ती मी बघून घेईन.

…नाही, तू सांगायचं नाही. तू ‘काहीच नाही’ म्हणणारी. नंबर दे विहीणबाईंचा… देतेस की मिनोरीला विचारू?… हं… पुढे?… बरं.

…सोयरीक मोडली तर मोडली. पण मोडायचीच तर तुझ्या बापावरून मोडू दे. माझ्या बापावरून नको.

…ठेव आता.

…

हॅलो?… कुसाकारीबाई का?… नमस्कार. आपलं बोलणं झालेलं नाही कधी. तुम्ही त्या खुनाबद्दल ऐकलंत ना… हो, तोच. त्या मेलेल्या माणसाची बायको बोलतेय.