मोनालीच्या खांद्यातली चुंबळ

माहं माहेर अन् सासर एकाच तलावाच्या दोन काठाले आहे जी, मोहाडीच्या पलीकडे, म्हणून लग्न झालं तरी मी काही लांब गेली नाही, या काठावरून उठली अन् त्या काठावर जाऊन बसली, एवढंच. बाप डोंग्यातून जाळं टाके, नवराही डोंग्यातूनच जाळं टाके. आम्ही ढिवर लोक, पाण्यातून जे निघन ते बाजारात नेऊन विकायचं. पण विकणं सगळ्याले येत नाही, काय सांगू तुम्हाले, माह्या सासूले कोणी म्हणलं बाई कमी कर, तर ती लाजून कमी करे. मी आली अन् ते बंद झालं. माहं तोंड तिखट आहे, मोहाडीच्या बाजारात कोणालेही विचारा, अर्धे लोक माह्याशी भांडलेले आहेत, अन् ते अर्धे भांडूनही माह्याच जवळून मासोळी नेतात.

शाळा चौथीपर्यंत झाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, अशी गावोगाव हिंडली मी. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याचं गोल वळलेलं कडं, डोकं गोल अन् टोपल्याचं बूडही गोल, मधात ते कडं नसलं तर टोपलं चार पावलं टिकत नाही. मंग जवाहरनगरच्या क्वार्टरात जाऊ लागली. तठी कारखान्याच्या नोकरीसाठी कुठकुठचे लोक येऊन राहिलेले. एका बंगाली बाईनं पहिल्याच दिवशी माह्या रोहूचा गलफडा, म्हणजे कल्ला, बोटानं उघडून पाहिला. मी भडकली, म्हणलं, माह्या मालावर भरवसा नाही का? ती हसून म्हणे, मौसी, ऊपर से तो सब ताज़ी दिखती है. ते मी गाठीले बांधलं. तेव्हापासून ठोकवाल्याकडून माल घेताना एकन् एक मासोळीचा गलफडा उघडते, आत लाल नसला तर तिथंच परत करते. अन् पहिल्या भावात तर मी देवाच्या दारातलं नारळही कधी घेतलं नाही. आज माहं स्वतःचं दुकान आहे, टिनाचं का होईना, बर्फाची पेटी आहे, माल आणायले गाडी आहे. हे सारं या जिभेनं उभं केलं. अन् याच जिभेनं माह्या पोरीचं काय केलं तेही सांगते, लिहून घ्या, काही गाळू नका.

पोरगी एकच, मोनाली. दहा वर्षांची असन, बाप डोंग्यात बसून निघाला अन् डोंगा ढकलायचा बांबू काठावरच विसरला, हिनं तो उचलला अन् सपकन तलावात फेकला, बापाच्या डोंग्याच्याही पुढं जाऊन पडला. बाप बिचारा डोंग्यात बसून ओरडून राहिला, आता मी काय हातानं वल्हवत येऊ का वं? मी काठावर हसून हसून बेजार. शाळेच्या मास्तरनं पाहिलं, म्हणाला हिच्या हाती भाला द्या. मंग भंडाऱ्याच्या मैदानावर एक सर होते, ते शिकवत, त्यांच्याकडे घातली. सकाळच्या बसनं जाय, डब्यात भात अन् झिंग्याचा रस्सा. दोन-चार वर्षांत विभागाच्या स्पर्धेपर्यंत गेली. पेपरात फोटो आला तेव्हा मी त्या पानात कोणालेच मासोळी बांधून दिली नाही.

एकोणीस वर्षांची झाली अन् खांदा दुखायले लागला. म्हणे, माय, हात मागं नेला का आतमधी काहीतरी सरकते, कट्ट करते, अन् फेकताना हातातला जीवच जाते. बाहेरून काही नाही, ना सूज, ना निळं, खांदा कसा गोल अन् गोरागोमटा. मी मोहाचं तेल लावलं, शेक दिला. सर म्हणाले, रोजच फेकणाऱ्या पोरी आहेत माह्याकडे, हिलेच काहून दुखते? अन् एक दिवस साऱ्या पोरींसमोर बोलले, माय मासोळी विकते अन् पोरगी बहाणे विकते. मोनालीनं घरी येऊन सांगतलं नाही, दुसऱ्या एका पोरीनं सांगतलं. काय सांगू तुम्हाले, मी हातातला विळा तसाच ठेवला अन् मासोळीच्या वासानिशी बसमधी बसली, मैदानावर जाऊन त्या माणसाले असं बोलली का तठल्या झाडावरचे बगळे उडाले.

मंग म्हणलं, आता सिद्धच करते. नागपूरला खेळाडूंचे खांदे पाहणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत, मोनालीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील, बारीकशा, पण पोरीचा हात धरला तर असा धरला जसं जाळ्यातली मरळ धरावी, सुटायची नाही अन् दुखायचीही नाही. तिले म्हणे, हात समोर कर, थोडा आत घे, आता अंगठा खाली कर, अन् वरून दाबलं. मोनाली कळवळली. मंग तळवा वर करायले लावला अन् तसंच दाबलं, तर दुखणं निम्मं. मी म्हणलं, तोच हात, तेवढंच दाबणं, अन् निस्तं पालथं-उताणं केलं तर फरक पडते? मॅडम म्हणाल्या, मावशी, तोच फरक मी शोधून राहिली. पण एका चाचणीवर मी बोलत नाही, अजून दोन-तीन करू द्या.

सगळं झाल्यावर कागदावर चित्र काढलं. म्हणाल्या, खांद्याची वाटी उथळ असते, बशीसारखी, अन् हाताचं हाड गोल. ते घसरू नये म्हणून वाटीच्या काठाले मऊ कडं असते गोल. मी म्हणलं, म्हणजे चुंबळ. मॅडम हसल्या, म्हणाल्या, हो मावशी, चुंबळच. हिच्या चुंबळीचा वरचा भाग फाटला असावा, फेकणाऱ्यांचा तिथंच फाटते. अन् त्याचे मुख्य चार प्रकार सांगतले. पहिल्यात कडेचे निस्ते धागे निघतात, चुंबळ जागेवरच राहते. दुसऱ्यात ती वाटीपासून सुटते, अन् दंडाच्या स्नायूची दोरी तिथंच बांधलेली असते, तिचं मूळही सुटते. तिसऱ्यात मधातच चिरून फास लोंबते, पण दोरी शाबूत. चौथ्यात ती चीर दोरीतही चढते. म्हणाल्या, इलाज प्रकारावर ठरते, म्हणून प्रकार कळला पाहिजे. मी म्हणलं, मंग पहिलाच लिहा ना मॅडम, पोरगी लहान आहे. मोनालीनं कपाळाले हात लावला, दुखता नाही, दुसरा. म्हणे, माय, हा बाजार नाही वं. मॅडम म्हणाल्या, मावशी, प्रकार मी ठरवत नाही, खांदा ठरवते. अन् चिठ्ठीवर लिहून दिलं, सांध्यात सुईनं औषध भरून एमआरआय करायचा. ते औषध फटीत शिरते, म्हणून बारीक फाट दिसते.

आता अठी माही चूक ऐका. एमआरआयच्या सेंटरवर गेलो, तर मले त्या सांध्यातल्या सुईची भीती वाटली, अन् त्याहून जास्त म्हणजे सांगतलेलं सगळं तसंच्या तसं घेणं माह्या रक्तातच नाही. काउंटरवरच्या माणसाले म्हणलं, औषधाचं राहू दे, साधाच कर, मशीन तर तीच आहे ना? तो म्हणे, बाई, डॉक्टरनं भरून लिहिलं आहे. मी म्हणलं, खांदा माह्या पोरीचा आहे का तुह्या डॉक्टरचा? अर्धा तास वाद केला अन् जिंकली. जिंकली म्हणून बाहेर येऊन उसाचा रस पाजला पोरीले. रिपोर्टात आलं, ठळक फाट दिसत नाही. ठळक, असं लिहिलं होतं. तो शब्द मी सोडून दिला अन् बाकीचं धरलं. मॅडमकडे परत गेलीच नाही.

आयुष्यभर दुसऱ्याच्या मासोळीचे गलफडे उघडून पाहिले जी मी, अन् पोटच्या पोरीचं वरवर पाहून परत आली.

अन् मंग लाज वाटली, एवढी भांडली होती ना त्या सरांशी. दुसऱ्या दिवशी तोच रिपोर्ट घेऊन मैदानावर गेली, म्हणलं, सर, तुमचं खरं, काही नाही तिच्या खांद्यात. घरी येऊन मोनालीले म्हणलं, मशीन खोटं बोलते का? आता भाला उचल. तिचा बाप जाळं शिवून राहिला होता, वर न पाहताच म्हणाला, मशीनले नाही दुखत, तिले दुखते. त्याले मी गप केलं.

गोंदियाले स्पर्धा होती. मी दुकान बंद ठेवून गेली. दुसऱ्या फेकीतच तिनं हात मागं नेला अन् भाला सुटला तो असा पुढंच पडला, जसा हातून गळावा, अन् ती दुखत्या हाताचं कोपर धरून खालीच बसली. मी दोरी ओलांडून धावली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. म्हणाली, माय, आता तरी खरं वाटलं का?

मंग मॅडमकडे परत गेलो, औषध भरून एमआरआय केला. मॅडमनं फिल्म उजेडात धरून दाखवली, चुंबळीखाली पांढरी रेघ, औषध शिरलेलं. म्हणाल्या, दुसरा प्रकार दिसते, चांगली मागंपर्यंत सुटली, पक्कं ऑपरेशनात दुर्बिणीनं आत पाहूनच सांगते. दुर्बिणीतही तेच निघालं, तिथंच टाके घालून बसवली. मी विचारलं, पहिल्याच वेळी औषध भरलं असतं तर? तेव्हा थोडीच असन ना फाटलेली? मॅडम म्हणाल्या, मावशी, तेव्हा पाहिलं नाही, तर तेव्हा काय होतं ते मी आता सांगू शकत नाही. मी लय घासाघीस केली, थोडीच होती म्हणा, नाही तर तेव्हाही एवढीच होती म्हणा, काहीतरी एक म्हणा. नाही म्हणाल्या. तेवढी बाई मले पुरून उरली.

सरांकडे गेली फिल्म घेऊन. म्हणलं, पोरींसमोर बोलले होते, पोरींसमोरच माफी मागा. ते म्हणाले, मावशी, चुकलो मी, पण तो रिपोर्ट मले दाखवायले तुम्हीच आल्या होत्या. खरं आहे. पण माहा राग गेला नाही, अजूनही नाही, ज्या चुकलोच्या मागं पण येते ते चुकलो मी घेत नाही. त्यांनी पोरगी ओळखीची असून ओळखली नाही. आता तुम्ही म्हणाल, मी तर माय होती. होय, म्हणूनच तर सरांवरचा राग सोडवत नाही, तो सोडला तर उरलेला कोणावर ठेवू?

दीड महिना तिचा हात झोळीत होता. पाच वर्षांची होती तेव्हापासून आपली वेणी आपणच घाले, काहून का मी पहाटेच बाजाराले निघून जाय. त्या दीड महिन्यात मी दुकान उशिरा उघडलं अन् रोज तिची वेणी घातली. पहिल्या दिवशी आरशात पाहून म्हणे, माय, ही वेणी आहे का जाळ्याची दोरी? तिचा बाप म्हणे, जाळ्याची दोरी मी याहून चांगली वळतो. तिघंही हसलो. तिनं मले एक वाकडा शब्द बोलला नाही जी आजवर. बोलली असती तर भांडून मोकळी झाली असती मी.

आता आठ महिने झाले. रबराचा पट्टा खिडकीले बांधून हात ओढते, आता आता चेंडू फेकायले लागली, तलावाच्या काठावरूनच. भाला पहिल्याएवढा जाईन का, हे मॅडमही सांगत नाहीत. जाईन तर जाईन. टोपलं मी तिले उचलू देत नाही, ती म्हणते डाव्या हातानं उचलते, मी म्हणते डाव्यातही चुंबळ आहे.

काल दहा-बारा चेंडू फेकून आली अन् म्हणे, माय, आज थोडंसं दुखून राहिलं. थोडंसं म्हणजे किती, असं ओठावर आलं होतं माह्या. गिळलं. म्हणलं, बरं माय, बस मंग, उद्या पाहू. पोरीनं सांगतलेलं पहिल्याच भावात घेते जी मी आता. देव तिचा हात राखो. अन् तुम्ही असे रिकाम्या हातानं उठू नका, तो कतला घेऊन जा, आधी गलफडा उघडून पाहा.