कांताचं कापलेलं वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ माननीय रमाकांतराव, जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती माझी मैत्रीण कांता, तिला आमच्यातून उचलून नेणाऱ्या ऑडिओ कंपनीच्या नूपुरताई आणि भोईवाड्यातल्या या सभागृहात पंखे बंद पडूनही जागा न सोडणाऱ्या रसिकहो,

मी कालिंदी. ‘अवघड आहे!’ या आमच्या पॉडकास्टमधला दुसरा आवाज. पहिला कुणाचा, हे सांगायला हवं का?

लोक ज्या कादंबऱ्या अर्ध्यावर सोडतात, त्या आम्ही दोघी शेवटपर्यंत वाचतो आणि त्यांवर बोलतो. चार वर्षं झाली. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली होती. टिपणं मी काढायची, रेकॉर्डिंगनंतरची कापाकापीही मीच करायची. आणि कांताने? दादरच्या बाजारातला मासळीचा धंदा आटपून यायचं आणि बोलायचं. मी बावीस पानं टिपणं पसरून बसायचे आणि ही म्हणायची, “काली, त्या बाईने शेवटपर्यंत दार उघडलं नाय गं, मला जेवण गेलं नाय.” झालं! श्रोत्यांचे मेसेज सगळे कांताताईंना. माझ्याबद्दल एकच आला: “दुसऱ्या बाईंचा माईक जरा लांब ठेवा.” हसा, हसा. मला तो आठवडाभर बोचत होता.

सरळ सांगते, मी जळत होते. नूपुरताईंचा फोनही मीच उचलला. म्हणाल्या, “आम्हाला कांताताईच हव्यात.” मी म्हटलं, “अरे वा, छान!” ते ‘छान’ कसं बाहेर पडलं, माझं मला ठाऊक.

खरं तर यातलं काहीच आज बोलणार नव्हते. गुळगुळीत भाषण लिहून आणलं होतं, हे बघा कागद. पण आत्ताच अध्यक्षांनी माझं कौतुक केलं. एक्केचाळिसाव्या भागातलं माझं वाक्य ते वाचनालयाच्या दारावर रंगवून घेणार आहेत म्हणे. “पहिल्या भेटीत माणसं तरी कुठे कळतात? तरी आपण त्यांच्याकडे परत जातोच ना!” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सगळ्यात जोरात कांताने वाजवल्या, माझ्याकडे बघत.

रमाकांतराव, ते वाक्य माझं नाही. साडेसहाशे पानांत एकही पूर्णविराम नसलेल्या त्या कादंबरीबद्दल मी तावातावाने तक्रार करत होते, तेव्हा ते कांता म्हणाली. मी घरी येऊन तिचं वाक्य कापलं आणि माझ्या आवाजात बोलून तिथे बसवलं. भाग ऐकून दुसऱ्या दिवशी पापलेट देताना ती एवढंच म्हणाली, “एपिसोड मस्त झालाय, काली.” मला वाटलं, हिच्या लक्षात आलं नाही. आज कळलं, तेव्हाच आलं होतं. तिने मला ते वाक्य घेऊ दिलं. ह्याचाही मला हेवा वाटतोय, काय करू?

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात राहून गेलं असेल त्याबद्दल वक्ते क्षमा मागतात. मी कापून टाकलं त्याबद्दल मागते. मूळ रेकॉर्डिंग पुसायचा मला कधी धीर झाला नाही. ते या मोबाईलमध्ये आहे. दारावर नाव कुणाचं लिहायचं, ते ऐकून ठरवा.

मोबाईल माईकजवळ धरते. कांता, तू बोल.