झुपकेदार शेपटीचा उंदीर

२००५ साली अमेरिकेत फ्रीमाँटला, मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत गुरुनाथकाकांच्या पुढे मीनाक्षी आणि तिची नऊ वर्षांची अनिका तावातावाने बोलत होत्या.

“आई, माझं बाप्पाचं चित्र भिंतीवरून का काढलं?”

“‘उंदराची शेपटी झुपकेदार नसते, आणि तो बाप्पापुढे झोपत नाही,’ असा चित्रस्पर्धेच्या परीक्षकाचा शेरा आहे.”

“पण तो हेझल डॉरमाउस आहे, उंदरासारखाच छोटा प्राणी! त्याची शेपटी फरवालीच असते. विंटरभर झोपतो तो. लायब्ररीच्या बुकात बघून काढलाय मी!”

“परीक्षकाने एकदा विचारायचं तरी! काका, तुम्हीच सांगा, ही पोर पुन्हा ब्रश हातात घेईल का?”

काका अनिकापुढे वाकले.

“अनिका, तो शेरा माझा आहे. मला डॉरमाउस माहीतच नव्हता गं.”

“मग चित्र परत लावा!”

काका रांग सोडून भिंतीकडे निघाले.