पायाकडचे चौकोन

श्रीरामपूर स्टँडवर नेवाशाची गाडी अजून लागायची होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“आज कुठं पोटभर जेवले, मावशी.”

“का गं जया?”

“सासूबाईंचं ठेवणीतलं लुगडं जुन्या कापडाच्या गाठोड्यात गेल्तं. बचत गटाच्या गोधडीला मी त्याचे बारा चौकोन कापले, मग ध्यानात आलं.”

“आन् त्यांना सांगितलं न्हाईस?”

“धीरच झाला न्हाई. आठ दिस घास गिळंना. काल त्या सोताच गटात आल्या. शिवलेल्या गोधडीवरनं हात फिरवत फिरवत पायाकडं थांबल्या.”

“वळखलं?”

“व्हय. म्हनल्या, हे सगळे चौकोन उसव.”

“अगं बाई. मग?”

“मी बाराच्या बारा उसवले. तर म्हनल्या, आता मधी लाव. सासूचं लुगडं कुनी पायाकडं लावतं व्हय?”